खोक्यातली पिल्लं आणि कचेरीतली मांजर

टपालाच्या गाडीतून कोंबडीची पिल्लंसुद्धा गावोगाव पाठवली जात, त्या काळातली ही गोष्ट. नुकत्याच अंड्यातून निघालेल्या पिल्लांचं एक खोकं डोंगरातल्या टपाल कचेरीत उतरलं. घाईत कुणीतरी त्यावर गोणी टाकली आणि आतली हवा कोंदू लागली.

पिल्लं ओरडणार, तोच गोणीची कड उचलली गेली आणि खोक्याच्या भोकाशी एक हिरवा डोळा चमकला. कचेरीतली मांजर होती ती.

"गप्प बसा गं बाळांनो," ती कुजबुजली. "आतल्या पोस्टमास्तरीणबाई फार तापट आहेत. आवाज झाला तर खोकं दरीत फेकतील. मी दोरी सोडवते."

पिल्लं चिडीचूप झाली. मांजर दोरी कुरतडू लागली. भोकाला लागून बसलेल्या ठिपकी नावाच्या पिल्लाला मांजरीच्या तोंडातून गळणारी लाळ दिसली.

"ओरडा!" ठिपकी म्हणाली.

"वेडी आहेस का?" तिचा भाऊ तिच्यावर खेकसला. "बाई मारतील आपल्याला!"

"बाई कशा आहेत ते मला माहीत नाही. ही कशी आहे ते दिसतंय."

दोरी तुटत आली होती. ठिपकी एकटीच जिवाच्या आकांताने ओरडली. मग शेजारचं पिल्लू ओरडलं, मग सगळं खोकंच.

पोस्टमास्तरीण भागीरथीबाई शिक्का हातात घेऊनच धावत आल्या. मांजरीला हाकलून त्यांनी गोणी दूर फेकली. "अगं बाई, जिवंत आहेत की ही! मला वाटलं, बियाणं आलंय."

मांजर खिडकीत जाऊन पंजा चाटू लागली. "हल्लीच्या पिल्लांना," ती म्हणाली, "शिस्त म्हणून नाही."