अकरा हात दोरी

समुद्रात डोंगर टाकले, तर तिथले पाणी जाणार कुठे?

द्वापरयुग उतरणीला लागले होते, तेव्हा पश्चिम समुद्राकाठी हेमतट नावाच्या नगरीत कुरर नावाच्या एका तरुण दाशपुत्राने, म्हणजे मासेमाऱ्याच्या पोराने, भर राजसभेत हा प्रश्न विचारला. त्याचे उत्तर त्याला कोणीही दिले नाही. राजाने नाही, ऋषीने नाही, देवानेही वेळेवर नाही.

हेमतटचा राजा दीर्घध्वज. त्याच्या नगरीत प्रासादावर प्रासाद चढले होते आणि पाय ठेवायला भूमी उरली नव्हती. तेव्हा त्याने ठरवले की समुद्रातच नवी भूमी घडवायची, कमळाच्या पाकळ्यांसारखी सात बेटे. समुद्र ती गिळेल ही एकच भीती होती. म्हणून त्याने खाडीमुखाशी तप करणाऱ्या शंखपाद ऋषींची बारा वर्षे सेवा केली. ज्यांच्या शब्दापुढे प्रत्यक्ष समुद्र मस्तक नमवतो, असे ते महातपस्वी प्रसन्न होऊन म्हणाले, "राजा, माग."

"मुनिवर, मी उभारीन त्या बेटांवर समुद्राने कधीही चढू नये."

"तथास्तु!" ऋषी म्हणाले आणि पुन्हा डोळे मिटून बसले. एक क्षणभर विचार करायचा होता. तोही त्यांनी केला नाही.

सह्याद्रीची शिखरे फुटू लागली. हजारो गाड्यांतून शिळा आल्या आणि समुद्रात पडल्या. तेव्हाच कुरर सभेत गेला आणि त्याने तो प्रश्न विचारला.

प्रधान हसला. "अरे दाशपुत्रा, समुद्र म्हणजे काय तुझ्या घरचा रांजण, दगड टाकला की काठावरून सांडायला?"

"तेच तर विचारतो आहे, महाराज."

सगळी सभा हसली आणि द्वारपालांनी त्याला दंड धरून बाहेर काढले.

घरी थोरला भाऊ नलद आणि वहिनी सारणी दोरी वळत होती. आईबापांमागे कुररला त्यांनीच वाढवले होते. वहिनी म्हणाली, "काय भावोजी, सभेला गेला होतात म्हणे! राजाने पान मांडले का?"

"वहिनी, थट्टा नको. ते पाणी जाणार कुठे?"

"तुमच्या डोक्यात जाईल. तिथे पुष्कळ जागा आहे."

नलद हसला नाही. तो वळलेली दोरी हाताने मोजत होता. बरोबर अकरा हात.

खाडीकाठच्या त्यांच्या वस्तीची एक रीत होती. भाद्रपदी अमावास्येला, वर्षातली सर्वांत मोठी भरती माध्यान्ही येई, तेव्हा घरातल्या थोरल्या जोडप्याने होडीत बसायचे. ओहोटीला खाडीतल्या आपल्या खुंटाच्या बुडाशी दोरी बांधायची, तिचे दुसरे टोक होडीच्या नाकावरल्या कडीतून ओवून दोघांच्या मनगटांना बांधायचे, आणि भरती फिरेपर्यंत ती सोडायची नाही. माणूस आपल्या जागी राहील आणि समुद्र आपल्या, असा तो करार होता. अकरा हातांचे माप पणजोबांपासून चालत आले होते. अकरा हातांवर पाणी कधीच चढले नव्हते.

"दादा, यंदा पंधरा हात घे," कुरर म्हणाला.

"माप वाढवायचे म्हणजे समुद्रावर अविश्वास दाखवायचा. आपण शब्द मोडला नाही, तोही मोडणार नाही."

अमावास्येला सूर्य डोक्यावर आला आणि भरती चढू लागली. सात बेटांच्या भिंतींवर प्रलयकाळच्या गजांसारख्या लाटा आदळल्या, परंतु वर चढू शकल्या नाहीत. वराने बांधलेले ते सगळे पाणी वळले आणि खाडीत शिरले. दोरी ताठ झाली. होडीचे नाक खाली झुकले.

"दादा, दोरी तोड!" काठावरून कुरर ओरडला.

"भरतीत तोडायची नसते रे! आता फिरेल पाणी!"

"वहिनी, तुम्ही तरी सांगा त्याला!"

वहिनीने मोकळ्या हाताने त्याला मागे जाण्याची खूण केली. कुररने कोयता दातांत धरून उडी घेतली. लोंढ्याने त्याला तीनदा काठावर फेकले. चौथ्यांदा तो वर आला तेव्हा समोर होडी नव्हती.

ओल्या अंगाने तो शंखपादांपुढे उभा राहिला. "पाणी कुठे जाणार हे तुम्हाला ठाऊक होते का?"

ऋषींनी मान खाली घातली. मग खाडीतून स्वतः समुद्रदेव प्रकट झाला, मोत्यांचा मुकुट घातलेला आणि निस्तेज. "बाळा, वराने मला तिकडे अडवले. मला तुझ्या दाराशिवाय वाट उरली नाही."

कुररने ओंजळीत पाणी घेतले आणि तो गर्जला, "दीर्घध्वजा, तुझ्या बेटांना बूड न लाभो! जितके दगड टाकशील तितके खचोत!"

समुद्राने डोळे मिटले. "हे काय केलेस? ती खचतील, आणि तो आणखी दगड टाकेल. त्याचे नातूपणतूही टाकत राहतील. ते पाणी पुन्हा तुझ्याच वस्तीत येईल."

"मग शाप मागे घेतो!"

"शाप मागे घेता येत नाही," शंखपाद म्हणाले. "वरही नाही."

"मग येते काय तुम्हाला?" कुरर ओरडला.

तो शाप अजून सरलेला नाही. त्या किनाऱ्यावर दगड पडतच असतात, बेटे पुरी होत नाहीत, आणि भाद्रपदातले पाणी दरवर्षी वस्तीची आणखी एक पायरी चढते.

त्या दिवशी ओहोटीला होडी उघडी पडली. दोघे आत होती, मनगटे तशीच बांधलेली. वस्तीतले वृद्ध म्हणाले, आत्ताच सोडव त्यांना, पाणी उतरले आहे, हीच रीत आहे. "करार समुद्राने मोडला, आता रीत कसली?" म्हणून कुररने ऐकले नाही. त्याने होडीतले पाणी उपसले, वहिनीच्या केसांतला चिखल धुतला, दादाच्या अंगावर आपले उपरणे घातले आणि खुंटाला धरून तो उभा राहिला. पाणी पुन्हा चढले, त्याच्या गुडघ्यांवरून, कमरेवरून, छातीवरून. होडी तरंगली, तसा तो तिच्यात चढला. दोरी ताठ होऊ लागली तेव्हा, ऐन भरतीत, त्याने कोयता काढला आणि ती तोडली.