मीटरवरचा पंचा

"मास्तर, शंभर वॅटचा बिनतारी संच मीटरवर शून्य दाखवत असेल, तर चूक कुणाची?"

वैजनाथने विचारलं खरं, पण उत्तर तो घरूनच घेऊन आला होता. चूक विकणाऱ्याची.

खंडाळकर मास्तर नौदलातून निवृत्त झालेले बिनतारी संदेशवाले. धुळ्यातले हौशी रेडिओवाले त्यांच्याच ओसरीवर शिकलेले. त्यांनी संच टेबलावर घेतला आणि अँटेनाऐवजी तेलाचा एक डबा जोडला. संचातून निघेल ती शक्ती हा डबा पोटात घेतो आणि तापतो, हवेत काही जात नाही. मध्ये वैजनाथनेच सोबत आणलेला, शक्ती मोजायचा मीटर.

"कसं मोजलंस?"

"बटण दाबलं, सुईकडे बघितलं. तीन दिवस तेच करतोय. रेडिओ परवान्याच्या परीक्षेत पहिला आलोय मास्तर, एवढं कळतं मला."

"आणि बोललास काय?"

"मोजताना कोण बोलतं?"



मास्तरांनी खांद्यावरचा पंचा काढून मीटरवर टाकला.

"माइक हातात घे. बटण दाबून धर आणि सांग, उद्या कुठे निघालास?"

एरवी बोलण्यात कुणाला हार न जाणारा वैजनाथ अडखळला.

"सातपुड्यात... आरोग्य शिबिराला. तिथे फोन लागत नाही. एखादी बाई बाळंतपणात अडली, तर गाडी मागवायला हा संच, दुसरं काही नाही. डॉक्टरबाईंना मी छाती ठोकून शब्द दिलाय. आणि खरं सांगू मास्तर... भीती वाटते. माझ्यामुळे कुणाचा जीव गेला तर..."

"बोलत राहा." मास्तरांनी पंचा उचलला.

सुई नाचत होती. शब्दागणिक उठत होती, नव्वदच्या पुढे जात होती. वैजनाथ बघतच राहिला, त्याचं बोलणं थांबलं. सुई शून्यावर येऊन बसली.

"अरेच्चा," तो म्हणाला. सुई पुन्हा उठली.

आता कुठे त्याच्या डोक्यात उजेड पडला. हातात मावणाऱ्या छोट्या संचावर बटण दाबलं की सुई उठतेच, माणूस बोलो न बोलो. वैजनाथला सवय तशाच संचांची. हा लांब पल्ल्याचा संच तसा नव्हता. आवाज नाही, तर शक्तीही नाही. पुस्तकातलं ते पान त्याला तोंडपाठ होतं.

खात्री करायला त्याने माइकवर पाढे म्हटले. एकोणतिसाच्या पाढ्यापर्यंत डबा चांगला कोमट झाला. वैजनाथने त्यावर हात ठेवला आणि तीन दिवसांत पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला. त्याला हसू आलं, डोळेही भरून आले.

"मग हा मीटर तीन दिवस खोटं का सांगत होता, मास्तर?"

मास्तर पंच्याची घडी घालत होते.

"खोटं कुठे... तू दिलंस तेवढं त्याने दाखवलं."