भुरीची पाठ

मोबाइल अजून नवलाचा होता, तेव्हाची ही गोष्ट. डोंगरातल्या एका उंबरावर वानरांची टोळी राहायची. रोज संध्याकाळी सगळे एकमेकांच्या उवा काढत बसायचे. एकदा कुणा पर्यटकाचा मोबाइल त्यांच्या हाती लागला आणि ते बसणंच बंद झालं.

म्हाताऱ्या भुरीची पाठ खाजून खाजून सोलवटली. ती लेकीपुढे पाठ करून बसली. "तांबू, बघ गं जरा."

"थांब ना, आई. यात बघ, एक वानरीण दुसरीच्या उवा काढतेय. किती मायेनं!"

"अगं, मग माझ्या काढ की!" भुरी वैतागून ओरडली.

"एवढं संपू दे," तांबू मान वर न करता म्हणाली. ते काही संपलं नाही.

चौथ्या दिवशी भुरी तणतणत ओढा ओलांडून वैऱ्यांच्या टोळीत गेली आणि तिथल्या म्हाताऱ्या रेशमीपुढे पाठ करून बसली. रेशमीनं दात विचकले. मग तिला ती सोलवटलेली पाठ दिसली. ती हळूच केसांत बोटं घालून उवा शोधू लागली.

"का गं, तुझं कुणीच उरलं नाही का?" तिनं विचारलं.

"आहेत की," भुरी म्हणाली. "चांगले बावीस जण आहेत."