कॅबिनेटची पसंती

यंत्रं आपलं घर आपणच पसंत करायची, त्या काळातली ही गोष्ट. एका नव्या संगणकाचे भाग टेबलावर जमले होते. त्यांना राहायला लहानसं, स्वस्तातलं कॅबिनेट हवं होतं. दोन कॅबिनेटं दाखवायला आणली. एक काळ्या पत्र्याचं, पुढे जाळी असलेलं. दुसऱ्याला पुढून अख्खी काच आणि आत रंगीत दिवे.

“ही चाळणी आपल्या घराण्यात नको,” जाळीकडे बघून ग्राफिक्स कार्डबाईंनी नाक मुरडलं.

पंखा सगळ्यांत धाकटा. प्रोसेसरदादांना गार ठेवणं हे त्याचं काम. त्याने भीत भीत काचेच्या कॅबिनेटला विचारलं, “ताई, तुमच्यात हवा कुठून येते?”

“हवा? अरे, लोक मला बघायला येतात!”

सगळे खदखदून हसले. “आता स्वयंपाक येतो का, तेही विचार!” बाई म्हणाल्या. सगळ्यांत मोठ्याने हसले ते प्रोसेसरदादा.

काच पसंत पडली. सगळे आत जाऊन बसले आणि तासाभरात आत भट्टी झाली. पंखा जिवाच्या आकांताने फिरत होता, पण तीच गरम हवा पुन्हा पुन्हा त्याच्या वाट्याला येत होती. शेवटी प्रोसेसरदादांना भोवळ आली आणि संगणक बंद पडला.

लगेच बैठक बसली. काचेचं नावही कुणी काढलं नाही. पंखाच कुचकामी, असं एकमताने ठरलं आणि त्याला काढून टाकलं.

त्याच्या जागी नवा, मोठा पंखा आला. बाईंनी त्याला आल्या आल्या बजावलं, “नीट फिर हो. आधीचा नुसता प्रश्न विचारायचा.”