एक ठोका जास्त

लहानथोरांनो, डोंगरांना अजून कुणी नावं दिली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट.

दूर व्हेंडा मुलखात डोंगरांच्या कुशीत एक तळं होतं. त्यात जलदेवता राहत. एक डोळा, एक हात, एक पाय, अशी त्यांची अर्धीच अंगं. उरलेली अर्धी पलीकडच्या जगात. तळ्याचा मान असा, की आल्याबरोबर पाण्याकडे पाठ करायची, खाली वाकायचं आणि आपल्याच दोन पायांमधून पाण्याकडे बघायचं. राजा असो की गुराखी, तिथं सगळ्यांची डोकी खाली.

गावात एक कुंभारीण होती. तिची एकुलती एक लेक तळ्यात गेली ती परत आलीच नाही. लेक ढोल वाजवायची, आणि दरवेळी शेवटी एक ठोका जास्त द्यायची.

आई ओरडायची, "अगं, गाणं संपलं की!"

ती हसायची. "माझं नाही संपलं."

तळ्याखाली देवतांचे ढोल वाजत. एका सकाळी कुंभारीण वाकलेली असताना ढोल थांबले, आणि मागून एक ठोका आला. एकटाच. बाईनं ओळखलं, ही आपलीच लेक.

तेव्हापासून ती रोज जाई, वाकून ऐके आणि घरी येऊन चार घास खाई. पण घर खायला उठे. एका ठोक्यावर अख्खा दिवस कसा काढावा? तिनं मडकं घडवलं, भाजलं आणि तळ्यावर नेलं.

तळ्याची राखण करणारी म्हातारी आडवी आली. "बाई, इथलं पाणी घरी नेत नाहीत."

"तुझी पोर गेली असती म्हणजे कळलं असतं!"

"दोन गेलीत," म्हातारी म्हणाली. "म्हणून तर इथं बसते."

कुंभारणीनं ऐकलं नाही. घाईत वाकलीही नाही. मडकं भरलं, तोंडाला फडकं बांधलं, घर गाठलं. दार लावून मडक्याला कान लावला. काही नाही. फडकं सोडलं, तर आत ठणठणीत कोरडं. नवं मडकं पाझरतं म्हणावं, तर बूडसुद्धा ओलं नव्हतं.

ती धावत परत गेली. वाकली. ढोल वाजले, थांबले. ती श्वास रोखून राहिली.

मागून काहीच आलं नाही.

"रुसली का गं?" तिनं पाण्याला विचारलं.

"रुसेल कशाला?" म्हातारी म्हणाली. "तू उचलून नेलीस ना! तुझ्या घरी पोचली नाही, इथं उरली नाही."

पुढं म्हातारी गेली आणि कुंभारीण तिच्या जागी बसली. कुणी भांडं घेऊन आलं की आधी ते हिसकावून घेते, मग माणसाला वाकायला लावते. आणि ढोल थांबले, की अजून रोज एका ठोक्यापुरती थांबते.

ज्याची ओढ आहे त्याला भेटायला जावं, कोंडून घरी आणायला जाऊ नये.