बिनकमिशनचं टेबल

अंबादास धारूरकर एका ऑनलाइन पोकर कंपनीच्या ऑफिसात तोऱ्यात शिरला. हा गडी घरबसल्या एका वेळी बारा टेबलांवर खेळायचा, नवशिक्यांना धुऊन काढायचा आणि वर चॅटमध्ये त्यांना टोमणे मारायचा. मागे त्याच्यासारखेच पाच पट्टीचे खेळाडू उभे होते.

"आम्ही दिवसभर खेळतो म्हणून तुमचं दुकान चालतं," तो मालकाला म्हणाला. "प्रत्येक डावातलं कंपनीचं कमिशन निम्मं करा, नाहीतर आम्ही सहाही जण निघालो."

मालकाला घाम फुटला. पण ग्राहकसेवा सांभाळणाऱ्या शर्वरी हुदलीकर शांतपणे म्हणाल्या, "निम्मं कशाला? कमिशन माफच करू. तुम्हा सहा जणांसाठी वेगळं टेबल ठेवू. तिथे नवशिक्यांची लुडबुड नको."

सहाही जण खूश झाले. मग त्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि त्यांचे चेहरे उतरले.

"पण बाई," धारूरकरचा आवाज खाली आला, "तिथे हरणार कोण?"

"ते तुमचं तुम्ही ठरवा. आमचं दुकान कुणामुळे चालतं, ते मात्र आता तुम्हीच सांगितलंत."

धारूरकर जुन्याच कमिशनवर खेळतो. फक्त हरलेल्या नवशिक्याला हल्ली चॅटमध्ये लिहितो, 'छान खेळलात, पुन्हा या.'