पाखराला लावलेला कौल

“...आणि दिवाळीच्या अवसेपर्यंत नाहीच आला, तर?”

वासुदेव चुरीने हे तिसऱ्यांदा विचारलं. केशरमायने दोनदा ऐकलं न ऐकल्यासारखं केलं होतं. या खेपेला तिने हातातले बोंबील वाळवणाच्या वलांडीच्या बांबूवर टांगले आणि मान वळवली.

“कोण नाही आलं तर? पाखरू, की पोर?”

“पाखरू,” तो म्हणाला.

त्याची नजर पुन्हा खाडीकडे गेली.

डहाणूच्या वर, सुरुवाडीच्या खाडीमुखाशी ही मच्छीमार मांगेल्यांतली म्हातारी बोंबील वाळवायची. तिला मठ नव्हता, गळ्यात माळ नव्हती. चार बांबूंवर ताणलेलं एक जुनं शीड, एवढंच तिचं छप्पर. तरी माणसं तिच्याजवळ येऊन बसत आणि उठताना काहीतरी घेऊन जात. पुष्कळदा शिव्याच.

वासुदेव बारा वर्षांपूर्वी असाच आला होता. भूमापन खात्यातला माणूस, गळ्यात नवीकोरी दुर्बीण. आश्विनात उत्तरेकडून येणारी पाखरं कुठे उतरतात, कोणत्या पाण्याला चरतात, कधी काठाकडे सरकतात, हे त्याला तिने दाखवलं. नावं मात्र त्याने पुस्तकांतून पाठ केली. तिच्या लेखी ती सगळी पाखरंच होती. त्याला एकोणसाठ जातींची नावं येत, आणि कुणी विचारलं नाही तरी तो ती सांगत असे.

त्यातला एक तुतवार त्याचा लाडका. चिमणीहून जरासा मोठा, डाव्या पायात पांढरं कडं. दूर बर्फाच्या मुलखात कुणीतरी खुणेसाठी चढवलेलं. दोन वर्षं ओळीने तो दसऱ्याच्या आत या खाडीवर उतरला होता.

यंदा दसरा होऊन नऊ दिवस झाले होते.

“वैजूचा काही निरोप?” केशरमायने विचारलं.

“तुला कुणी सांगितलं?”

“सुरुवाडीत कुणाला ठाऊक नाही ते विचार.”

वैजयंती त्याची एकुलती एक. मालवाहू जहाजावर पहिलीच सफर. आठ दिवस तिचा आवाज नाही, अक्षर नाही. फोनवरच्या नकाशात जहाजाचा ठिपका चार दिवस एकाच जागी गोठलेला. जहाज किनाऱ्यापासून लांब गेलं की ठिपका असाच थांबतो, हे त्याला चांगलं माहीत होतं. माहीत असून उपयोग नव्हता.

“खरं सांगू का माय?” तो खाली बघत म्हणाला. “मी मनात धरलंय... तो कडेवाला दिसला, तर वैजू सुखरूप आहे.”

आयुष्यभर या माणसाने बायकोच्या नवसांची टिंगल केली होती. बोलून झाल्यावर त्याचे कान तापले.

केशरमाय हसली नाही.

“पाखराला कौल लावलास?” ती म्हणाली. “अरे, देव निदान जागचा हलत नाही.”

...

“आज किती वेळा जाऊन बघून आलास?”

“जाऊन कुठे? लांबूनच बघतो मी. दुर्बीण कशाला आहे?”

“मग गुडघ्यापर्यंत चिखल कशाचा?”

त्याने आपले पाय पाहिले. खरंच होतं. उथळ पाण्यात पाखराचा पाय दिसत नाही, आणि पाय दिसल्याशिवाय कडं दिसत नाही. थोडं पुढे, अजून थोडं पुढे, असं करत तो चिखलात उतरत होता. थव्याच्या जवळ पोचला की थवा उठायचा, खाडीवर गिरकी घ्यायचा, पलीकडे बसायचा. मग वासुदेव पलीकडे.

“आठ वेळा,” केशरमाय म्हणाली. “आठही वेळा उठली ती. कुठून आलीत म्हणालास?”

“सायबेरिया. हजारो मैल, माय. काही तर वाटेत...”

“म्हणजे पोटाला चिमटा. ओहोटी असते तेवढंच त्यांचं ताट. आजचं अर्धं तू लवंडलंस.”

“मी?” वासुदेव ताडकन म्हणाला. “बारा वर्षं मी यांच्यासाठी उन्हातान्हात उभा राहिलोय! यांच्यावर माझ्याइतका जीव या किनाऱ्यावर कुणाचा आहे, सांग!”

“कुणाचाच नाही,” ती म्हणाली. “म्हणून तर आठ वेळा.”

...

पाणी भरायला लागलं होतं. वासुदेवने घड्याळ पाहिलं. पाच वाजून पाच मिनिटं. साडेपाचला जहाज कंपनीचं ऑफिस बंद होणार, आणि मग थेट सोमवार. मधले दोन दिवस कसे काढायचे?

“एक फोन करून येतो,” तो म्हणाला. “रेंज सुरूंच्या बनाशी येते. ती बरी आहे का, एवढंच विचारीन.”

“मागल्या वेळी काय विचारलं होतंस?”

“...तेच.”

“मग?”

त्याने खिशातून फोन काढला. आठ दिवसांपूर्वीचा निरोप त्याने इतक्या वेळा वाचला होता, की तो न बघताही म्हणता आला असता. तरी त्याने बघूनच वाचला.

“बाबा, तुमच्या फोनमुळे मला वॉच ड्यूटीवरून खाली बोलावलं. तिसऱ्यांदा. सगळ्यांसमोर. कप्तान म्हणाले, घरी एवढी काळजी असेल तर पुढच्या बंदरात उतर. आता मीच फोन करीन. तोवर कुणालाही करू नका. माझी शपथ आहे.”



केशरमायने मासळीची रिकामी पाटी उचलली, वाळूत पालथी घातली आणि हाताने थोपटली.

“बस.”

तो बसला.

“असा नाही. पाठ दर्याला.”

“अगं, पण मला दिसणार कसं?”

“नाहीच दिसणार.”

त्याने पाठ फिरवली. समोर सुरूंचं बन, त्यामागे गावातली कौलं. माय त्याच्यासमोर, तोंड समुद्राकडे. तिने ओल्या बोंबलांचा ढीग मध्ये ठेवला. एकाचा जबडा दुसऱ्यात अडकवायचा आणि जोडी बाजूला ठेवायची. तिच्या हातांना बघावं लागत नव्हतं. त्याच्या हातून पहिल्या दोन जोड्या निसटल्या.

पाच वाजून बारा मिनिटं.

मागे काही ऐकू येईना. वासुदेवला वाटलं, गेली पाखरं. कायमची गेली. त्यांच्याबरोबर कडेवालाही गेला, आणि कुठल्यातरी काळ्या पाण्यात वैजूचं जहाज... त्याची मान आपोआप वळायला लागली.

“वासू.”

मान जागच्या जागी थांबली.

मग दूरवर एक बारीक शीळ. मग दोन. चढत्या पाण्याने थवा काठाकडे सरकत होता. ओल्या चिखलात चोची बुडण्याचा आवाज येऊ लागला, पुसट, सारखा. बारा वर्षांत त्याने या पाखरांचे पंख, चोच, पोटाखालचा रंग, सगळं लिहून ठेवलं होतं. ती खाताना आवाज होतो, हे त्याला आज कळत होतं.

पाच वीस.

आवाज दहा पावलांवर आला. मग पाचांवर. इतकी जवळ ती कधीच आली नव्हती. आता उठून बनाकडे गेलं की फोन लागेल. आता उठलं की सगळा थवा उठेल.

मांडीवरचा फोन त्याने घट्ट धरला. अंगठा कंपनीच्या नंबरावर होता. कपाळावरचा घाम डोळ्यात उतरला, तोही त्याने पुसला नाही. वैजूची आई वारली त्या दिवशीसुद्धा तो इतका निश्चल बसला नव्हता.

पाच पंचवीस...

पाच अठ्ठावीस...

गावातल्या शाळेची साडेपाचची घंटा झाली. अंगठा तसाच राहिला. थोड्या वेळाने फोनचा उजेड आपोआप मालवला. वासुदेवने हळूच तो वाळूवर पालथा ठेवला, आणि दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवले. जोडी निसटली नाही.

केशरमाय त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघत होती. तिला सगळी दिसत होती.

“माय,” ओठही न हलवता तो पुटपुटला, “आहे का गं तो त्यांच्यात?”

...

“जेवतायत,” ती म्हणाली. “हळू बोल.”